संगणकी संशोधनांतील मूळ प्रत व पुनर्गणनेची शिस्त

आमच्या एका जुन्या टांचणाविषयीं एका विद्यार्थिनीनें विचारलेल्या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, हें प्रस्तुत लेखाचें निमित्त होय. ही विद्यार्थिनी आमच्या एका माजी विद्यार्थ्याची कन्या. ती अर्थशास्त्रांत पीएच्. डी. साठीं अभ्यास करिते, आणि उत्तर पेशवाईंतील धान्याचे निरख हा तिचा विषय आहे. एका खासगी दप्तरांतील किती पत्रांत धान्याच्या दराचा उल्लेख येतो याचा आंकडा आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं एका छोट्या लेखांत दिला होता. तो वाचून ती आमच्याकडे आली, रुमाल सोडून दोन दिवस बसली, आणि तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "गुरुजी, माझी मोजणी तुमच्या मोजणीशीं जुळत नाहीं. तुम्हीं कोणतीं पत्रें धरलीं आणि कोणतीं सोडलीं, त्याची यादी मिळेल का?"

यादी नव्हती. चिठोऱ्या होत्या, त्या दप्तर पुन्हां बांधतांना केव्हांच गहाळ झाल्या. रुमालांचे क्रमांकही मध्यंतरीं आम्हींच बदलले होते. आंकडा तेवढा छापला गेला, आणि ज्या वाटेनें तो आला ती वाट बुजली. ज्यांनीं उभी हयात वर्गांत, उत्तराबरोबर रीत न लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापले, त्यांच्यावरच ही पाळी यावी, हें आम्हांस फार लागलें.

विद्यार्थिनीनें तक्रार केली नाहीं. तिच्या प्रबंधांत तो आंकडा 'पडताळतां न आलेला' म्हणून नोंदला जाईल, इतकेंच तिनें नम्रपणें सांगितलें. पुढें बोलतां बोलतां असें कळलें कीं, संशोधनासाठीं जमविलेल्या माहितीची व्यवस्था कशी ठेवावी आणि संगणकावर केलेली गणना दुसऱ्यास जशीच्या तशी पुन्हां करतां यावी म्हणून तिची रीत कशी लिहून ठेवावी, हा आतां विद्यापीठांतून एक स्वतंत्र शिकण्याचा विषय झाला आहे. आम्हीं त्याविषयीं तिच्याकडून जें समजून घेतलें व नंतर स्वतः वाचलें, त्यावरून आमचें असें मत झालें कीं, ही पाठचिकित्साच आहे. मात्र तिचा वेष निराळा आहे, आणि एकदोन ठिकाणीं ती आपल्या पुढें गेली आहे. सबब पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांपुढें ती मांडावी असें वाटलें.

या विद्येचें प्रयोजन समजावून देतांना तिच्या वर्गांत जी हकीकत प्रथम सांगितली गेली, तीच आम्हीही प्रथम सांगतों. इ. स. २०१० मध्यें कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकांत राष्ट्रांचें कर्ज व राष्ट्रांची आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत १९४६ ते २००९ या काळांतील २० प्रगत देशांची माहिती घेऊन असें दाखविलें होतें कीं, सरकारचें कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलें कीं वाढीची सरासरी एकदम कोसळते. ती उणे ०.१ टक्के होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरचे ते दिवस. सरकारांनीं खर्च करावा कीं हात आंखडावा, हा वाद युरोप-अमेरिकेंत पेटलेला. अशा वेळीं ९० टक्क्यांची ही रेघ राज्यकर्त्यांच्या हातीं आयतीच आली. युरोपीय आयोगाचे अर्थविषयक आयुक्त ओली रेन यांनीं तिचा आधार घेतला. अमेरिकेंत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पी प्रस्तावांतही या निबंधाचा हवाला आला. काटकसरीचीं धोरणें केवळ या एका निबंधामुळें झालीं असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण पेन्शनी व पगार ज्या धोरणांनीं कापले गेले, त्यांच्या समर्थनार्थ तो पुढें केला गेला, हें खरें.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेंत थॉमस हर्न्डन नांवाचा एक पीएच्. डी. चा विद्यार्थी होता. प्रसिद्ध झालेला एखादा निबंध घ्यावा आणि त्यांतील आंकडे स्वतः पुन्हां काढून पाहावे, असा अभ्यास त्यास वर्गांत नेमून दिलेला होता. त्यानें हा निबंध घेतला. उपलब्ध माहितीवरून गणना केली, आंकडे जुळेनात. नवशिक्याची आपलीच चूक असणार असें त्याला व त्याच्या शिक्षकांनाही आधीं वाटलें. पुन्हां केलें, पुन्हां जुळेनात. शेवटीं त्यानें ग्रंथकर्त्यांस पत्र लिहून त्यांचा मूळ तक्ता मागितला, आणि त्यांनीं तो पाठविला. तो तक्ता एक्सेल या सर्वपरिचित साधनांत केलेला होता. सरासरी काढण्याचें सूत्र ज्या घरांत होतें तें हर्न्डननें उघडून पाहिलें, तों ३० व्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत जें सूत्र जावयास हवें तें ४४ व्या ओळीशींच थांबलें होतें. पांच देश बाहेर राहिले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क.

हर्न्डन व त्याचे शिक्षक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनीं एप्रिल २०१३ मध्यें आपली फेरतपासणी प्रसिद्ध केली; २०१४ मध्यें ती 'केंब्रिज जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्यें छापली गेली. त्यांच्या मतें ९० टक्क्यांवरील सरासरी उणे ०.१ नसून २.२ टक्के निघते. सूत्र पांच ओळी आधीं थांबलें ही गोष्ट जगभर गाजली. पण वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, एवढ्या मोठ्या फरकांत त्या चुकीचा वांटा अवघा ०.३ टक्क्यांचा होता. उरलेला फरक दोन निवडींमुळें पडला. एक, कांहीं देशांचीं महायुद्धानंतरचीं पहिलीं कांहीं वर्षें हिशेबांत आलींच नव्हतीं. दुसरी अधिक विचार करण्याजोगी आहे. न्यूझीलंडचें १९५१ हें एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचें, आणि इंग्लंडचीं १९ वर्षें, सरासरी २.४ टक्क्यांचीं, या दोहोंना सारखेंच वजन दिलें होतें.

हें ऐकतांच कोणीही म्हणेल कीं, हा उघड अन्याय. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि येथें संहितासंपादनाची दृष्टि उपयोगी पडते. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या १९ पोथ्या सांपडल्या म्हणून त्यांना कोणी १९ साक्षी मानीत नाहीं. त्या मिळून एक साक्ष. एका देशाचीं लागोपाठचीं १९ वर्षें हीं स्वतंत्र साक्षी कीं एकाच साक्षीच्या नकला, हा प्रश्न प्रामाणिक मतभेदाचा आहे. अडचण वजनाची नाहीं; ज्या पाठाला वजन दिलें तो पाठ वाचकापुढें नव्हता, ही आहे. छापील निबंध कितीही वेळां वाचला असता तरी एका वर्षानें १९ वर्षांची बरोबरी केली आहे, हें कोणाच्याही लक्षांत आलें नसतें. तक्ता हातीं आला तेव्हांच तें दिसलें. हर्न्डन-पक्षाच्या गणनेंतही कर्ज ९० टक्क्यांच्या पलीकडे गेल्यावर वाढ कमीच दिसते. अलीकडच्या गटांत ती ३.२ आहे, पलीकडे २.२. उतार आहे, कडा नाहीं. राइनहार्ट व रोगॉफ यांनीं सूत्राची चूक तत्काळ मान्य केली, इतर आक्षेप मानले नाहींत; आणि तो वाद अर्थशास्त्रज्ञांनीं पाहून घ्यावा. आम्हांस येथें एवढेंच नोंदावयाचें आहे कीं, एका अनोळखी विद्यार्थ्याला आपला तक्ता देणें हें त्यांनीं केलें. संग्रहाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कनवटीस ठेवणारे आपल्यांतही आहेत, आणि त्यांच्या चुका कधींच सांपडत नाहींत.

आतां ही शिस्त म्हणजे काय तें सांगतों. तिचा पहिला नियम असा कीं, मूळ माहितीला हात लावावयाचा नाहीं. जुन्या कागदी पोथ्यांत लेखनिकाचें अक्षर चुकलें तर तो त्यावर हरताळ लावी आणि वाळलेल्या पिवळ्या थरावर शुद्ध अक्षर लिही. अशीं पानें ज्यांनीं उजेडासमोर धरून पाहिलीं असतील त्यांस ठाऊक आहे कीं, पुष्कळदां हरताळाखालचें अक्षर अजून ओळखूं येतें. आणि कधीं कधीं तेंच खरें असतें, शहाणा लेखनिक चुकलेला असतो. संगणकाच्या तक्त्यांत एका घरांतला आंकडा पुसून दुसरा घातला तर खालीं कांहीं उरत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यास शिकवितात कीं, मिळाली तशी माहिती एका वेगळ्या जागीं कुलुपबंद ठेवावी. सुधारणा तिच्यावर न करतां, सुधारणेची आज्ञा निराळ्या कागदावर लिहावी. अमुक ओळींत अमुक आंकडा आहे, तो अमुक कारणासाठीं अमुक धरावा, असें लिहिलेलें राहिलें म्हणजे सुधारणा मागें घेतां येते आणि दुसऱ्यास तिच्यावर वाद घालतां येतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें जें काम चाललें त्याची पद्धति आमच्या वाचकांस परिचित आहे. पाठ जुळविण्याच्या कागदावर उभ्या-आडव्या रेघांनीं घरें पाडून एकेका घरांत एकेक अक्षर लिहीत. प्रत्येक पोथीस एक संज्ञा. आणि छापील पानावर वर संपादकाचा पाठ, खालीं टाकलेले सर्व पाठ. जेथें वरचा पाठ संपादकालाच पुरेसा खात्रीचा वाटला नाहीं, तेथें त्याखालीं नागमोडी रेघ. डॉ. विष्णु सीताराम सुकठणकर यांचें पहिलें शिक्षण केंब्रिज येथें गणिताचें झालें होतें, ही गोष्ट या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं. आजच्या विद्यार्थ्यास जें संगणकावर करावयास सांगतात तें तत्त्वतः हेंच. फक्त ती नागमोडी रेघ आमच्या विद्यार्थिनीच्या तक्त्यांत नव्हती. आम्हीं ती सुचविली, आणि तिनें 'खात्री' नांवाचा एक रकाना वाढविला.

हरताळ लावणारा हात नेहमीं माणसाचाच असतो असें नाहीं. जीवशास्त्रांत माणसाच्या जनुकांना आखूड नांवें देतात. त्यांपैकीं कांहींचीं नांवें 'सेप्ट २', 'मार्च १' अशीं होतीं. हीं नांवें एक्सेलमध्यें लिहिलीं कीं तें साधन, न विचारतां, त्यांच्या तारखा करी: २ सप्टेंबर, १ मार्च. २०१६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं अशा प्रकारच्या जनुकयाद्या जोडलेले निबंध तपासले, तेव्हां सुमारें एकपंचमांश निबंधांच्या याद्यांत हा दोष आढळला. अखेर २०२० मध्यें जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें साधनापुढें हात टेकले आणि जनुकांचींच नांवें बदललीं. लेखनिकाला अक्षर येत नाहीं म्हणून ग्रंथकारानें शब्द बदलावा, तशांतला हा प्रकार. साधनाच्या कर्त्यांनीं ही खोड बंद करण्याची सोय २०२३ मध्यें दिली.

तारखांचा विषय निघाला आहे तर आपल्या क्षेत्रांतील एक गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण येथें विद्यार्थिनीनें आम्हांस आणि आम्हीं तिला शिकविलें. एक्सेलचें पंचांग १ जानेवारी १९०० रोजीं सुरू होतें. त्यापूर्वींची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाहीं. तीं नुसतीं अक्षरें म्हणून पडून राहते. शिवाय १९०० हें वर्ष लीप नसतां तें त्यास लीप धरतें, कारण एका पूर्वींच्या साधनाशीं जुळवून घेण्यासाठीं ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. म्हणजे शिवकालापासून पेशवाईच्या अखेरपर्यंतचा सारा व्यवहार या पंचांगाच्या बाहेर आहे! जीं साधनें मागें जाऊं शकतात, तीं बहुधा नव्या ग्रेगरी पद्धतीचीच गणना मागें चालवीत नेतात. आतां शिवराज्याभिषेकाची तिथि ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६. इंग्रजांच्या कागदांत ती जुन्या गणनेनें ६ जून १६७४ आहे, नव्या गणनेनें १६ जून. इंग्लंडनें नवी गणना १७५२ त स्वीकारली. पोर्तुगालनें १५८२ तच. सबब सुरतेच्या वखारींतून आणि गोव्याहून एकाच दिवशीं निघालेल्या दोन पत्रांवर १७ व्या शतकांत दहा दिवसांचें अंतर पडतें. दोन्ही तारखा एका रकान्यांत घातल्या तर यंत्र त्यांना बिनतक्रार क्रमानें लावील, आणि उत्तर पत्राच्या आधीं येईल.

त्यावर शुहूर सनाची भर. तो मृगापासून बदलतो, आणि त्यांत ५९९ कीं ६०० मिळवावयाचे हें महिन्यावरून ठरतें. महिना नसेल तर इसवी सन एकच असा सांगतां येत नाहीं. आम्ही आजवर जंत्री पाहून इसवी तारीख काढीत असूं आणि तीच टांचणांत लिहीत असूं. कागदावर मूळ काय होतें तें पुन्हां कागदच उघडल्यावांचून कळत नसे. विद्यार्थिनीनें तीन रकाने केले. पहिल्यांत कागदावर आहे तशी मिति. दुसऱ्यांत काढलेली तारीख. तिसऱ्यांत ती कोणत्या नियमानें काढली तो नियम. एवढी साधी गोष्ट आम्हांस इतक्या वर्षांत कां सुचली नाहीं, याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

आमच्याकडून तिला जें मिळालें तें मापांचें. तिनें 'मण' असा एक रकाना केला होता. कैली मण निराळा, वजनी मण निराळा, आणि एका प्रांताचा शेर दुसऱ्या प्रांतांत चालत नाहीं. तेव्हां गांव व मापाचा प्रकार नोंदल्याशिवाय त्या रकान्याला अर्थ नाहीं. आणखी असें कीं, जुन्या कागदांत पुष्कळदां मालाची किंमत न लिहितां रुपयास इतके शेर असें लिहितात. तेथें आंकडा मोठा म्हणजे स्वस्ताई. तिनें दोन्ही प्रकारचे आंकडे एका रेषेवर काढले होते, आणि दुष्काळाच्या सालीं धान्य स्वस्त झालेलें पाहून ती चक्रावली होती. प्रत्येक रकान्याचा अर्थ, माप व उगम सांगणारा एक लहान कोश माहितीबरोबर ठेवावा, हा या शिस्तीचा एक नियमच आहे. तो तिला ठाऊक होता, पण सर्वांस ठाऊक असलेलें काय लिहावयाचें म्हणून तिनें तो लिहिला नव्हता. तिला ठाऊक होतें तें चुकीचें होतें, हें लिहावयास बसली तेव्हां दिसलें.

दुसरा नियम रीत लिहून ठेवण्याचा. तक्त्यावर हातानें खेळत, येथलें तेथें नेत, जी गणना होते तिचा माग राहत नाहीं. त्याऐवजीं प्रत्येक पायरी 'आर' किंवा 'पायथन' अशा एखाद्या संगणकी भाषेंत क्रमानें लिहिली म्हणजे ती आज्ञावली हीच रीत होते. कोणीही ती चालवावी आणि उत्तर तपासावें. आज्ञावली लिहितांना ती वारंवार बदलते. त्या बदलांची व्यवस्था विद्यार्थी आरंभीं कशी लावतात? 'अंतिम', 'अंतिम २', 'खरोखर अंतिम' अशीं नांवें देऊन. विद्यार्थिनीनें स्वतःच्या जुन्या फाईली आम्हांस दाखविल्या, तेव्हां आम्हांस आमच्याच खर्ड्यांचें कपाट आठवलें. यावर उपाय म्हणून जें साधन वापरतात त्याचें नांव गिट. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं तें २००५ मध्यें, लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या असंख्य लोकांचे बदल सांभाळण्यासाठीं केलें.

दप्तरांत ज्यांचा वावर आहे त्यांस गिट समजण्यास एका वाक्याचाही विलंब लागूं नये: ती रोजकीर्द आहे. कोणत्या दिवशीं, कोणीं, काय बदललें आणि कां, याची नोंद क्रमानें होत जाते. खतावणी केव्हांही कीर्दीवरून पुन्हां मांडतां येते. मागचें पान फाडण्याची मात्र सोय सहजासहजीं नाहीं. आपल्याकडे पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, तें अशासाठीं कीं, त्याखालीं कोणीं कांहीं वाढवूं नये. गिटमध्यें प्रत्येक नोंदीवर ४० अक्षरांकांचें असें एक मोर्तब उमटतें, आणि तें त्या नोंदीच्या मजकुरावरून व तिच्या आधींच्या नोंदीच्या मोर्तबावरून गणितानें निघतें. मागें कोठें एक मात्रा जरी बदलली तरी तेथून पुढचीं सर्व मोर्तबें बदलतात. बनावट महजर व सनदा ओळखण्यांत ज्यांचे डोळे गेले त्यांना या युक्तीचा हेवा वाटल्यास नवल नाहीं.

इतकें करूनही फसगत होते. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेली एक आज्ञावली रसायनशास्त्रज्ञ रेणूंची रचना ठरविण्यासाठीं वापरीत असत. २०१९ मध्यें हवाई येथील विद्यापीठांतल्या एका विद्यार्थ्यास असें आढळलें कीं, तीच आज्ञावली, तीच माहिती, पण निरनिराळ्या संगणकांवर उत्तरें निरनिराळीं. कारण असें निघालें कीं, आज्ञावली फाईली वाचतांना त्या नांवांच्या क्रमानेंच समोर येतील असें गृहीत धरी. कांहीं यंत्रें त्या तशा देत, कांहीं देत नसत. सुट्या पानांची पोथी पत्रांक न पाहतां वाचणाऱ्यास जें होतें तें येथें झालें. चूक दुरुस्त करण्यास क्रम लावण्याची एक ओळ पुरे होती; पण तोंवर शंभरांहून अधिक निबंध तिच्या छायेंत आले होते. तसेंच 'आर' भाषेचें. यदृच्छेनें नमुना निवडतांना एक 'बीज'-अंक देतात, म्हणजे तीच निवड पुन्हां होते. पण २०१९ च्या ३.६.० या आवृत्तींत निवडीची अंतर्गत रीत सुधारली गेली, आणि त्याच बीजाला दुसरें पीक येऊं लागलें. म्हणून साधनाची आवृत्ति नोंदणेंही रीतींत धरतात.

या सर्व विचाराचा एक आद्य पुरुष म्हणून स्टॅनफर्ड येथील भूभौतिकीचे अध्यापक जॉन क्लेअरबाउट यांचें नांव घेतात, आणि त्यांची गोष्ट विद्यार्थ्यांपासूनच सुरू होते. त्यांच्याकडे पीएच्. डी. करून विद्यार्थी निघून जात. मागून येणाऱ्यास आधींच्याचें काम पुढें नेण्याऐवजीं तें पुन्हां उभें करण्यांतच वेळ घालवावा लागे. १९९० च्या सुमारास त्यांनीं असा दंडक घातला कीं, प्रबंधांतील प्रत्येक आकृति एका आज्ञेनें पुन्हां काढतां आली पाहिजे. त्यासाठीं त्यांच्या येथें ज्या ठराविक आज्ञा होत्या त्यांतील एकीचें नांव होतें 'जाळ'. आकृति नष्ट करावयाची आणि मूळ माहितीवरून ती पुन्हां उगवते का हें पाहावयाचें. जी पुन्हां उगवणार नाहीं तिच्यावर तशी खूण करीत. कागद जाळण्याची कल्पना आमच्या वाचकांस सहन होणार नाहीं, आणि ती होऊंही नये; मूळ कागद एकच असतो. पण आपण मूळ कागदावरून जें काढतों, म्हणजे वंशावळ्या, शकावल्या, मोजण्या, त्यांपैकीं किती या अग्नींतून परत येतील?

हें सारें विद्यार्थ्यास कोण शिकवितें? ग्रेग विल्सन यांनीं १९९८ पासून सुरू केलेले 'सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री'चे वर्ग जगांत अनेक ठिकाणीं होतात; नाहीं तर जो तो ठेचा खात शिकतो. आमच्या विद्यार्थिनीचें एक संपूर्ण सत्र यांत गेलें, आणि त्या सत्रांत तिच्या प्रबंधाचें एक पानही पुढें सरकलें नाहीं. मार्गदर्शकांस हें रुचत नाहीं, आणि विद्यार्थ्यास छात्रवृत्तीची मुदत दिसत असते. शिवाय रीत उघडी केली कीं चूकही उघडी होते, आणि दुसरा कोणी आपल्याच माहितीवरून आपल्या आधीं लिहून मोकळा होईल ही भीति असतेच. ही भीति पोथ्यांच्या संग्राहकांस समजावून सांगावयास नको. तिच्यांत तथ्यही आहे. सर्व कांहीं उघडें टाकावें असें ही शिस्त म्हणतही नाहीं. जिवंत माणसांची खासगी माहिती झांकावी लागते. खासगी दप्तराच्या मालकाची परवानगी लागते. ठराविक मुदतीनंतर माहिती खुली करण्याची सोय असते. प्रसिद्धीला वचक आणणाऱ्या संस्थाही आतां पुढें येत आहेत. ज्या नियतकालिकांत राइनहार्ट-रोगॉफ यांचा निबंध आला, तें चालविणाऱ्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननें २०१९ पासून मूळ माहिती व आज्ञावली छपाईपूर्वीं स्वतः चालवून पाहण्याची व्यवस्था केली आहे.

पुनर्गणना झाली म्हणजे उत्तर खरें ठरलें असें मात्र नव्हे. भ्रष्ट प्रतीची हुबेहूब नक्कल ही भ्रष्टच असते. निरखाचा आंकडा उलटा वाचून केलेली गणना कितीही वेळां केली तरी तीच येईल. या शिस्तीनें एवढेंच होतें कीं, चूक कोणत्या पायरीवर आहे तेथें बोट ठेवतां येतें. आमच्या जुन्या आंकड्यांत तें ठेवावयास पायरीच नव्हती.

दप्तराच्या मालकांच्या संमतीनें विद्यार्थिनी व आम्ही मिळून मोजणी नव्यानें केली आहे. प्रत्येक पत्रास जुना व नवा रुमाल-क्रमांक, मूळ मिति, आणि धरलें अथवा सोडलें त्याचें कारण, अशी यादी झाली आहे. एक पत्र व त्याचीच दुसऱ्या रुमालांत असलेली नक्कल आम्हीं पूर्वीं दोन पत्रें म्हणून धरलीं होतीं, हें यादी करतांना उघड झालें. बाकीचा फरक कशानें पडला तें आतां सांगतां येणार नाहीं. सबब आमचा पूर्वींचा आंकडा अभ्यासकांनीं रद्द समजावा. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेनें २०१३ मध्यें उघडलेल्या झेनोडो या सार्वजनिक भांडारांत प्रबंधाबरोबर ही यादी ठेवण्याचा विद्यार्थिनीचा मानस आहे. तेथें तिला एक कायमचा क्रमांक मिळेल. तीन पत्रांविषयीं आमचें एकमत झालेलें नाहीं. त्यांतील 'दर' हा शब्द आम्ही निरख या अर्थीं वाचतों, ती 'प्रत्येकीं' या अर्थीं वाचते. यादींत दोन्ही वाचनें शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत, आणि 'खात्री'च्या रकान्यांत त्या तिन्ही पत्रांपुढें नागमोडी रेघ ओढली आहे.